एटीव्ही: टू व्हील ड्राइव्ह की फोर व्हील ड्राइव्ह? मुंबईच्या नवख्यांसाठी

नागावच्या किंवा काशीदच्या पुळणीवर भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीला, म्हणजे वाळू-मातीत चालवायच्या उघड्या गाडीला, चार जाडजूड चाकं असतात. त्यामुळे ती फोर व्हील ड्राइव्हच असणार, असं पहिल्यांदा बसणारे बहुतेक जण धरून चालतात. भाड्याच्या लहान गाड्या बहुतेक वेळा टू व्हील ड्राइव्ह असतात. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांनाच मिळते. पुढची दोन फक्त वळायला आणि गाडी तोलून धरायला. शिकायला तेच बरं असतं, असं माझं मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

मुंबई-ठाणे पट्ट्यात एटीव्हीच्या नादी लागणारे लोक दोन प्रकारचे. एक, सुट्टीत अलिबाग, लोणावळा, कर्जतकडे जाऊन भाड्याने चालवणारे. दुसरे, कर्जत, मुरबाड किंवा अलिबागच्या बाजूला थोडी जमीन असलेले आणि तिथे एक गाडी कायमची ठेवू पाहणारे. पहिल्यांनी टू व्हीलवर हात बसवावा. दुसऱ्यांनी जमिनीत चढ किंवा भातखाचरं असतील तर फोर व्हील घ्यावी, आणि सपाट मुरमाड जमीन असेल तर ते पैसे वाचवावेत. हे झालं थोडक्यात उत्तर. पण ते तुमच्या बाबतीत लागू पडतं का, हे ठरवायला पुढच्या पायऱ्या लागतील.

पायरी पहिली: खाली वाकून बघा

गाडीवर '४×४' असा स्टिकर असला तरी त्यावर जाऊ नका. स्टिकर कुठेही मिळतो. चालवायला देणाऱ्या मुलाला विचारलं तर तो "हां साहेब, फोर बाय फोर" म्हणेल, कारण गिऱ्हाईकाला तेच ऐकायचं असतं हे त्याला ठाऊक आहे.

त्यापेक्षा गुडघ्यावर बसा आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला डोकवा. चाकाच्या मध्यापासून गाडीच्या पोटाकडे जाणारा लोखंडी दांडा दिसतो का? त्याच्या टोकाला काळ्या रबराचं चुण्याचुण्यांचं आवरण आहे का? मेकॅनिक त्याला 'बूट' म्हणतात. दांडा आणि बूट दोन्ही दिसले तर पुढच्या चाकांना ताकद जाते. तिथे फक्त शॉकअ‍ॅब्सॉर्बर, चाक धरणारे आडवे हात आणि स्टिअरिंगचा बारीक रॉड एवढंच असेल, तर गाडी टू व्हील ड्राइव्ह आहे. स्टिअरिंगच्या रॉडच्या टोकालाही एक छोटं रबर असतं, त्याने फसू नका. ते लिंबाएवढं असतं, बूट मुठीपेक्षा मोठा.

मग मागे या. लहान आणि स्पोर्ट जातीच्या गाड्यांत मागे एकच आरपार एक्सल आणि त्यावर चेन दिसेल. म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली आहेत, दोन्ही कायम एकाच वेगाने फिरणार. मोटारीत दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल असतं, ते तिथे नसतं. ही गोष्ट आता लक्षात ठेवा, वळताना कामाला येणार आहे.

गाडी खरोखर फोर व्हील निघाली, तर पुढचा प्रश्न: कुठल्या जातीची? काहींत उजव्या अंगठ्याजवळ बटण असतं. एकदा दाबलं की पुढचा एक्सल जोडला जातो आणि पुन्हा दाबेपर्यंत जोडलेलाच राहतो. काहींत तिसरी पायरीही असते, डिफ लॉक: तो पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जखडतो. यामाहाच्या ग्रिझलीत ही तीन पायऱ्यांची सोय आहे. पोलारिस या अमेरिकी कंपनीची पद्धत वेगळी: बटण चालू ठेवलं तरी पुढची चाकं मोकळीच फिरतात, आणि मागची घसरायला लागली की पुढची आपोआप पकडतात, पकड परत आली की सुटतात. नवख्याला ही पद्धत सोपी पडते, कारण बटण कधी दाबायचं याचा विचार कमी करावा लागतो.

डिफ लॉक नसलेल्या बटणवाल्या गाडीबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. पुढच्या डिफरन्शियलला ताकद जिकडे कमी अडथळा तिकडे पळवायची खोड असते. पुढचं एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकलं, की बरीचशी ताकद त्या लटकलेल्या चाकाला जाते आणि ते हवेत गरगर फिरत बसतं. काही कंपन्या यावर अर्धा इलाज म्हणून घसरण रोखणारं डिफरन्शियल देतात. गाडी बघताना हे विचारलंच पाहिजे.

पायरी दुसरी: जमीन कुठली, ते आधी ठरवा

गाडीपेक्षा याला जास्त वेळ द्या. मुंबईपासून दोन-तीन तासांच्या परिघात चार प्रकारची जमीन भेटते, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

पुळण. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर टू व्हील मजेत धावते. गंमत वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत आहे. तिथे चालती गाडी टू व्हीलवरही निघून जाते. थांबली की पंचाईत. उभ्या गाडीवर रेस पिळलीत तर मागची चाकं स्वतःची कबर खणतात आणि गाडी पोटावर बसते. अशा वेळी रेस लगेच सोडायची, उतरायचं, चाकांपुढची वाळू हाताने बाजूला करायची आणि एकाने हलकी रेस देत दुसऱ्याने ढकलायचं. हलकी टू व्हील गाडी दोघं-तिघं सहज काढतात. हाच प्रसंग फोर व्हीलवर कमी वेळा येतो, पण आला तर जड गाडी काढायला निम्मा गाव बोलवावा लागतो. वजनाचा अंदाज हवा असेल तर यामाहाची रॅप्टर ७०० ही टू व्हील स्पोर्ट गाडी साधारण १९० किलोची आहे आणि पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ही फोर व्हील गाडी ३२० किलोच्या आसपास.

पुळणीवर जायचं तर ओहोटी बघून जा. कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि तिच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सकाळच्या मांडवा बोटीने निघायचं की दुपारच्या, एवढं ठरवायला पुरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त खाली जातं आणि परत येताना जास्त वर चढतं. अडकलेल्या गाडीला समुद्राने गाठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात फोर व्हील ड्राइव्ह जीपगाड्याही असतात.

मुरूम आणि मळलेल्या वाटा. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजूच्या कोरड्या वाटांवर डिसेंबर ते मे टू व्हील पुरते. इथे फोर व्हीलला फारसं काम नाही, आणि ती लावून ठेवली तर हँडल जड होतं, वळायला जागा जास्त लागते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ काढतात; दोन्ही एक्सल एकत्र जखडले तर कुठल्यातरी चाकाला घसटत जावंच लागतं. मातीवर ते चालून जातं. कडक जमिनीवर तो ताण दांड्यांवर आणि गिअरवर येतो.

कातळ आणि जांभा. कोकणातला जांभा दगड उन्हाळ्यात खरखरीत असतो, टायर छान धरतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळं धरलं की तोच दगड साबणासारखा होतो. दगडांच्या पायऱ्यांवरून चढताना एखादं चाक सारखं हवेत असतं, म्हणून इथे फोर व्हील आणि जमल्यास डिफ लॉक. वेग मात्र चालण्याच्या गतीपेक्षा जास्त नको.

चिखल. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडचा खरा प्रश्न हाच. भातखाचरांमधल्या वाटेवर वरचा थर सायीसारखा पातळ आणि खाली पाय टाकला तर पोटरीपर्यंत जाईल असा. टू व्हीलमध्ये मागची चाकं फिरतात, आणि न फिरणारी पुढची चाकं नांगरासारखी चिखलात घुसून गाडीला अडवतात. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं खेचतात आणि स्वतःच्या जोरावर चिखलावर चढतात. फरक ताकदीपेक्षाही या खेचण्यात आहे. घाट चढून देशावर गेलात आणि काळ्या मातीत पाऊस लागला, तर ती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करते. मग टू व्हील काय नि फोर व्हील काय, टायर बदलल्याशिवाय काही खरं नाही. चिखलाचे टायर वेगळे असतात, खाचा खोल आणि लांब-लांब. बजेट आखडतं असेल तर मी साध्या टायरच्या फोर व्हीलपेक्षा चांगल्या चिखलटायरची टू व्हील घेईन. अनेकांना हे पटत नाही.

पायरी तिसरी: टू व्हीलवर हात बसवा

बाइक चालवणाऱ्या मुंबईकराला एटीव्हीवर दोन जुन्या सवयी मोडाव्या लागतात.

पहिली, पाय टेकवायची. सिग्नलला थांबताना, वळताना तोल गेला की पाय आपोआप खाली जातो. एटीव्हीवर पाय फुटरेस्टच्या बाहेर काढायचाच नाही. टेकवलेला पाय जमिनीला अडकतो आणि मागचं चाक त्यावरून जातं. घोट्याच्या दुखापती अशा होतात. गाडी चार चाकांवर उभी आहे, ती पडणार नाही, हे डोक्याला कळतं पण पायाला कळायला वेळ लागतो. म्हणून पहिला अर्धा तास नुसतं चालव-थांबव करा आणि थांबताना पाय कुठे जातो ते बघा. सँडल घालून तर बसूच नका. घोटा झाकणारे बूट, हेल्मेट, डोळ्यांना गॉगल आणि हातमोजे, एवढं हवंच. किनाऱ्यावरचं भाड्याचं हेल्मेट सैल असतं. स्वतःचं बाइकचं न्या.

दुसरी सवय वळण्याची. बाइक कलली की वळते. एटीव्ही कलत नाही, आणि मागची चाकं एकाच एक्सलवर जखडलेली असल्यामुळे तिला सरळच जायचं असतं. हँडल वळवलं तरी गाडी नाक वाकडं करून पुढेच ढकलली जाते. उपाय असा: वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवा, थोडं पुढे सरका, आणि बाहेरच्या फुटरेस्टवर पाय दाबून आधार घ्या. त्याने मागच्या आतल्या चाकावरचं ओझं कमी होतं, ते थोडं घसरतं आणि गाडी वळते. फोर व्हीलवर शिकलेले लोक हे अंग झुकवणं टाळतात, कारण पुढची चाकं खेचून बरंच सांभाळून घेतात. वेग वाढला की मग उलटतात. शिकायला टू व्हील बरी म्हणण्याचं माझं मुख्य कारण हे.

रेस मुठीत नसते, उजव्या अंगठ्याने दाबायचा एक छोटा खटका असतो. घाबरल्यावर माणूस हँडल घट्ट धरतो आणि त्याच वेळी अंगठाही दाबला जातो. लहान गाड्यांत त्या खटक्याच्या मागे एक स्क्रू असतो, तो फिरवून रेस किती उघडेल यावर मर्यादा घालता येते. तुमच्या बरोबर नवखं कुणी असेल तर तो आधी आवळून घ्या. काही गाड्यांच्या मागे दोरी लावलेला किल स्विचही असतो: दोरी ओढली की इंजिन बंद. ब्रेकचा कुठला खटका कुठल्या चाकांचा, हेही चालू करण्याआधी विचारा, कारण गाडीगणिक बदलतं. पोलारिसच्या काही गाड्यांत डावीकडचा एकच खटका चारही चाकांना लागतो.

मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर कंपनी स्वतःच लिहिते की १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये, आणि एका माणसाच्या गाडीवर दुसरा बसवू नये. किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी सर्रास होतात. मागे बसलेल्यामुळे वजन मागच्या एक्सलवर जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि वाळूच्या उंचवट्यावर गाडी मागच्या मागे उलटायला एवढं पुरतं. लहान मुलाला पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसवून फोटो काढणाऱ्या आईबापांना काय म्हणावं?

पायरी चौथी: फोर व्हील लावायची ती आधी

टू व्हीलवर वळणं जमली, रेस हळूवार झाली, की मग फोर व्हीलवर बसा. कुणेगावच्या डेला अ‍ॅडव्हेंचर पार्कसारख्या ठिकाणी आखून दिलेल्या ट्रॅकवर एटीव्ही चालवायला मिळते. अशा जागी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत का ते फोनवर आधी विचारून जा.

बटण कधी दाबायचं, यात नवखे हमखास उशीर करतात. चिखलात घुसतात, मागची चाकं गरगरायला लागतात, आणि मग बटण. गरगरणाऱ्या चाकांना अचानक पुढचा एक्सल जोडला गेला तर मोठा गचका बसतो, दांडा किंवा गिअर तुटू शकतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत हे स्पष्ट बजावलेलं असतं. म्हणून चिखल दिसला की अलीकडे थांबा किंवा अगदी हळू व्हा, फोर व्हील लावा, दिवा लागलाय का बघा, आणि मग घुसा. आत गेल्यावर एकसारखी रेस. थांबायचं नाही, पिळायचंही नाही.

सोडवायची वेळही महत्त्वाची. पलीकडे कडक जमीन लागली की बटण परत दाबा. काही वेळा ते लगेच सुटत नाही, कारण दांड्यांत ताण अडकलेला असतो. गाडी थोडी मागेपुढे केली की सुटतं. डिफ लॉक तर अडकल्यावर दोन-चार मीटरपुरता लावायचा. तो लावल्यावर हँडल इतकं जड होतं की वळण घेणं ही मारामारीच.

चढावर फोर व्हीलचा फायदा उघड आहे. टू व्हीलला सपाटीवर गाडीच्या साधारण निम्म्या वजनाचीच पकड मिळते, कारण ताकद लावणाऱ्या चाकांवर तेवढंच ओझं असतं. चढावर वजन मागे सरकतं म्हणून मागच्या चाकांना थोडी जास्त पकड मिळते, पण त्याच वेळी पुढचा भाग हलका होतो. फोर व्हीलमध्ये सगळं वजन कामाला लागतं. तरी अंग पुढे टाकायचं ते दोन्हींत. मध्येच इंजिनाने दम टाकला, तर मागे घरंगळू देऊ नका आणि नुसता मागचा ब्रेक तर अजिबात नको. पुढचा ब्रेक दाबा, अंग चढाच्या बाजूला ठेवा, आणि चढाच्या बाजूनेच उतरा.

आता उतार. उतारावर गाडी थांबवायला फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग नाही. ब्रेक चारही चाकांना टू व्हीलमध्येही असतात. निसरड्या उतारावर जी पकड आहे ती टायरची आणि जमिनीची, ती ड्राइव्हमुळे वाढत नाही. फोर व्हीलवाला चढून जिथे पोहोचतो, तिथून खाली यायला त्याच्याकडे टू व्हीलवाल्याइतकेच ब्रेक असतात, आणि गाडी जड असते. इंजिन ब्रेकिंगचा आधार मिळतो खरा, पण त्यातही गोम आहे: पोलारिससारख्या आपोआप पकडणाऱ्या यंत्रणेत रेस सोडल्यावर पुढची चाकं मोकळी फिरतात, त्यामुळे इंजिनाचा लगाम मागच्याच चाकांना बसतो. चारही चाकांना लगाम हवा असेल तर उतारासाठीची खास सोय असलेलं मॉडेल लागतं. म्हणून लो गिअर लावून, अंग मागे टाकून, सरळ रेषेत उतरा. आडवं उतरायचं नाही. जो चढ उतरता येईल अशी खात्री नाही, तो चढू नका.

पायरी पाचवी: विकत घ्यायची असेल तर

सर्वात आधी कायदा. एटीव्ही आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यासाठी नसते. आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणजे नंबर प्लेट नाही, आणि रस्त्यावर आणली तर जप्त होऊ शकते. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदता येईल अशा रूपात भारतात आणली होती, तो अपवाद. त्यामुळे बोरिवलीच्या सोसायटीत पार्किंगला एटीव्ही ठेवून दर रविवारी चालवत कर्जतला जाण्याचं स्वप्न सोडा. ती टेम्पोत घालून न्यावी लागते. छोटा हत्तीच्या हौद्यात मोठी गाडी जेमतेम बसते, आधी टेप लावून मोजा. चढवायला दोन मजबूत फळ्या आणि बांधायला चांगले पट्टे लागतात. टू व्हील हलकी गाडी दोघं चढवतात, तीनशे किलोची गाडी इंजिन चालू करून चढवावी लागते, आणि ते नवख्याने करू नये.

या सगळ्याचा हिशेब केला तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने विकत न घेता भाड्यानेच चालवावी, असं मी स्पष्ट सांगतो. जमीनवाल्यांचं वेगळं. त्यांच्यासाठी प्रश्न असा विचारावा: पावसाळ्यात गाडी वापरायची आहे का? खताच्या गोणी, पाण्याची कॅन, आंब्याच्या पेट्या बागेत वर न्यायच्या असतील, तर लो गिअर असलेली फोर व्हील युटिलिटी गाडीच हवी. पोरांना मैदानात फिरवायचं एवढंच असेल, तर कमी ताकदीची टू व्हील पुष्कळ झाली.

जुनी गाडी घेताना फोर व्हीलमध्ये आधी पुढच्या दोन दांड्यांच्या टोकांचे चार बूट तपासा. चुणीत चीर पडली असेल तर ग्रीस बाहेर उडालेलं दिसतं आणि आत वाळू गेलेली असते. म्हणजे सांधा संपला. गाडी सावकाश पूर्ण वळवून गोल फिरवा. पुढून टक-टक आवाज आला तर तेच दुखणं. मग फोर व्हील लावून मातीवर पुढची चाकं खरंच ओढतात का बघा, नुसता दिवा लागला म्हणजे झालं असं नाही. पुढच्या डिफरन्शियलच्या तेलाचा नट काढून बोट लावा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, भाव निम्म्यावर आणा किंवा निघून या. बेल्टवर चालणाऱ्या गाडीत ओढ्यातून काढल्यावर बेल्ट घसरतो का, हेही विचारा. बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. टू व्हीलची तपासणी दहा मिनिटांत होते: चेन, स्प्रॉकेट, मागच्या एक्सलचे बेअरिंग.

हवेचं एक सांगायचं राहिलं. एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ५ पीएसआयच्या आसपास हवा असते, मोटारीच्या सहाव्या हिश्श्याइतकी. पंपावरच्या पोऱ्याला सांगितलं तर तो सवयीने ३० भरतो आणि टायर फुग्यासारखा उडायला लागतो, पकड जाते ती जातेच. कमी दाब मोजणारा वेगळा गेज येतो, तो आणि हातपंप घ्या. फोर व्हीलमध्ये चारही टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि दाबाचे हवेत, नाहीतर पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडत राहतात.

कुठे नेऊ नये

खाडीकाठच्या तिवरांत आणि मिठागरांच्या बाजूला गाडी घालू नका. मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांना संरक्षण दिलेलं आहे, शिवाय त्या गाळात रुतलेली फोर व्हील काढायला क्रेनही जाऊ शकत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आणि वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय नाही. माथेरानला तर मोटारगाड्यांनाच बंदी. हिवाळ्यापासून रायगड-रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती घरटी वरच्या कोरड्या वाळूत पुरलेली असतात, म्हणजे नेमकी जिथे फोर व्हीलवाल्याला जोर दाखवायचा असतो तिथे. दिवेआगर, हरिहरेश्वरकडे गेलात तर गावातल्या कासवमित्रांना विचारल्याशिवाय पुळणीवर उतरू नका. अनेक किनाऱ्यांवर ग्रामपंचायतीने गाड्यांना मज्जाव केलेला असतो, तो फलक रिक्षा स्टँडजवळ किंवा पुळणीच्या तोंडाशी असतो.

शेताच्या बांधावरून गाडी नेऊ नये. बांध खचला तर पूर्ण खाचराचं पाणी जातं, आणि शेतकऱ्याने काठी घेतली तर चूक त्याची नाही.

समुद्रावरून आल्यावर

खाऱ्या पाण्याने आणि वाळूने गाडी महिनाभरात गंजायला लागते. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, खालून. प्रेशर पंपाची धार बूटवर, बेअरिंगवर आणि हँडलच्या स्विचवर सरळ मारू नका. टू व्हीलची चेन धुवून, सुकवून तेल लावा. फोर व्हीलमध्ये धुतल्यावर इंजिन चालू करून बटण दोन-तीनदा लावून सोडा, म्हणजे पुढची यंत्रणा जाम होत नाही. आठवड्याने गाडी बाहेर काढलीत तरी आधी हेच करा. रेडिएटरच्या जाळीत वाळू-गवत अडकतं, ते ब्रशने काढा. पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल भरून, बॅटरीची तार सोडून, चाकांखाली फळी ठेवून द्या. ताडपत्री घाला, पण तळाशी वाऱ्याला वाट ठेवा.